जुन्या संगणकास थोडी गति

विश्रांतवाडीसारख्या वस्तींत घरांतील तिघां मुलांचा अभ्यास एकाच जुन्या संगणकावर चालत असेल, तर नव्याचा खर्च करण्यापूर्वीं जुन्याची गति वाढवून पाहावी, असें आम्हांस वाटतें. 2017 सालचा रायझन 3 1200 हा स्वस्त प्रोसेसर या कामीं मोकळा आहे. ए320 जातीच्या बोर्डावर मात्र ही सोय नाहीं. प्रथम मुलांच्या कामाची प्रत अन्यत्र ठेवावी व पंख्यावरील धूळ काढावी. मग बायोसमध्यें मूळच्या 3.1 गिगाहर्ट्झवरून एका वेळीं 0.1 इतकेंच चढावें व दर पायरीस तासभर कसोटी घ्यावी. व्होल्टेज वाढवूं नये. उष्णता त्याच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. तपमान 80 अंशांपलीकडे गेलें कीं पायरी उतरावी. 3.5 पर्यंत पोंचल्यास सुमारें आठवा हिस्सा गति अधिक लाभते. संसारी माणसानें तेवढ्यावर संतोष मानावा.