औषधाने सुटणारी कातडी

ताप, घसादुखी आणि डोळ्यांची आग अशा किरकोळ वाटणाऱ्या तक्रारींनंतर अंगावर दुखरे, काळपट लाल चट्टे उमटू लागले, ओठ व तोंड सोलवटले आणि बोटाने हलके रेटताच वरची कातडी सरकून आली, तर तो स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, म्हणजे बहुधा औषधामुळे उद्भवणारा जीवघेणा त्वचाविकार, असू शकतो. शरीराच्या ३० टक्क्यांहून अधिक भागावरची त्वचा सुटल्यास त्यालाच टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस म्हणतात. फिटवरील कार्बामाझेपिन व फेनिटॉइन, गाउटवरील अ‍ॅलोप्युरिनॉल आणि सल्फा गटातील प्रतिजैविके ही त्याची ठळक कारणे असून, गोळी सुरू केल्यापासून साधारण चार दिवस ते चार आठवड्यांत प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेच्या पेशी मारू लागते.

१९९८ मध्ये अनुराधा साहा यांचे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात याच विकाराने निधन झाले. त्याआधी कोलकात्यात झालेल्या उपचारांतील हलगर्जीपणाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सुमारे सहा कोटी रुपयांची भरपाई ठरवली. चर्चा रकमेचीच अधिक झाली, विकाराची मात्र फारशी नाही.

निफाड तालुक्यातील विंचूरसारख्या गावी अशी लक्षणे दिसल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने संशयित औषध तात्काळ थांबवणे हाच पहिला उपचार असतो. त्यानंतर नाशिकसारख्या ठिकाणी अतिदक्षता विभाग गाठताना महिनाभरात घेतलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे, रिकामी असली तरी, सोबत न्यावी लागतात.