काचेआडचा धनेश: म्युझियममध्ये फ्लॅशशिवाय फोटो कसा काढायचा?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात प्राणी-पक्ष्यांचं एक दालन आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहाच्या मदतीने ते उभं राहिलं. वाघ, गवा, धनेश, रोहित पक्षी तिथे काचेआड जंगलाच्या, पाणथळीच्या देखाव्यात मांडलेत. भाच्याला घेऊन गेलो तेव्हा हौसेने चाळीसेक फोटो काढले. घरी येऊन बघतो तर काय, निम्म्या फोटोंत धनेशाऐवजी मीच दिसतोय! उरलेले हललेले. तुमचंही असं होत असेल तर पुढचं वाचा.

दालनात उजेड कमी का?

प्रकाशाने पिसांचा आणि केसांचा रंग हळूहळू उडतो. जिवंत पक्ष्याला नवी पिसं येतात, पेंढा भरलेल्याला येत नाहीत. म्हणजे झालेलं नुकसान कायमचं. म्हणून अशा नाजूक वस्तूंसाठी जगभरातली संग्रहालयं साधारण ५० लक्सची मर्यादा पाळायचा प्रयत्न करतात. भर दुपारच्या उन्हात हाच आकडा १ लाखाच्या आसपास असतो. थोडक्यात, हा अंधार मुद्दाम ठेवलेला आहे. आपल्याला त्यातच काम भागवायचंय.

फ्लॅश मारून तसाही फायदा नाही. तो काचेवर आदळून परत येतो, फोटोत पांढरा डाग उरतो आणि मागचा रंगवलेला देखावा काळा पडतो.

थोडं गणित

५० लक्स उजेडात एफ/१.८ लेन्स आणि आयएसओ ८०० ठेवलं, तर शटर साधारण १/५० सेकंद उघडं ठेवावं लागतं. हात स्थिर असेल तर हे जमतं. बऱ्याच मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याची लेन्स याच्या जवळपास असते. कॅमेऱ्याची किट लेन्स झूम करून एफ/५.६ वर गेली की तेवढ्याच आयएसओला १/५ सेकंद लागतो, आणि फोटो हलतो. तिथे आयएसओ ३२०० करा, शटर १/२० वर येईल. थोडे दाणे दिसले तरी चालतील. दाणे नंतर कमी करता येतात, हललेला फोटो सुधारत नाही.

आपल्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे: समोरचा प्राणी हलत नाही! नाइट मोड एकापाठोपाठ अनेक फ्रेम घेऊन त्या एकत्र करतो. स्थिर वस्तूवर तो उत्तम चालतो. फक्त मधून कोणी गेलं तर भुतासारखी सावली उमटते, तेव्हा वाट बघा.

मोबाइलवर काय करायचं?

१. १एक्सवरच राहा. झूम केलं की कमी उजेडात बरेच फोन मुख्य सेन्सरचाच भाग कापून मोठा करतात.

२. प्राण्याच्या डोळ्यावर बोट दाबून धरा, फोकस लॉक होईल.

३. मागे काळोख असेल तर फोन फोटो जास्त उजळ करतो. ब्राइटनेसची पट्टी थोडी खाली ओढा.

४. कोपरं अंगाला टेकवा, २ सेकंदांचा टायमर लावा. बटण दाबताना बसणारा हिसका टळतो.

५. शेजारच्या माहितीफलकाचाही एक फोटो घ्या. महिन्याभराने नाव आठवत नाही.

आणि काच?

लेन्स काचेच्या जितकी जवळ, तितकं प्रतिबिंब कमी. काचेला हात मात्र लावू नका. लांबून काढायचा असेल तर समोर उभं न राहता थोडं तिरकं व्हा आणि गडद कपडे घालून जा, माझ्यासारखा पांढरा शर्ट नको! पोलरायझर फिल्टरने तिरक्या कोनातलं प्रतिबिंब कमी होतं, पण तो निम्म्याहून जास्त उजेड खातो. इथे तो परवडत नाही.

जाताना प्रवेशद्वारावरचा फोटोग्राफीचा नियम वाचा. प्रत्येक ठिकाणी तो वेगळा असतो. आपला फोटो झाला की पुढच्याला जागा द्या. तो धनेश आपल्या नातवंडांनाही याच रंगात दिसायला हवा.