मायदेशाचा नवा हिशेब

16 डिसेंबर 1773 च्या रात्री बोस्टनच्या बंदरात चहाच्या 342 पेट्या समुद्रात गेल्या, हे आपण शाळेत शिकतो. चहा महाग झाला म्हणून लोक चिडले, अशी बहुतेकांची समजूत असते. खरे तर चहा स्वस्त होणार होता. दिवाळे निघायच्या बेतात असलेल्या ईस्ट इंडिया कंपनीला सावरण्यासाठी पार्लमेंटने तिला अमेरिकेत थेट माल पाठवण्याची मुभा दिली होती. इंग्लंडमधली जकात आणि मधले दलाल टळल्यामुळे तिचा चहा चोरट्या वाटेने येणाऱ्या डच चहाशीही दरात टक्कर देऊ शकला असता. पौंडामागे तीन पेन्सांचा एक जुना कर तेवढा कायम ठेवला होता. त्या तीन पेन्सांवरून तेरा वसाहती हातच्या गेल्या.

पेला स्वस्त होत असताना माणसे राजद्रोहापर्यंत जातात, म्हणजे कारण पैशाच्या पलीकडे असले पाहिजे. 'पिळवणूक झाली म्हणून वसाहत तुटली' हे उत्तर मला नेहमी अर्धवट वाटत आले आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात ज्या वसाहती मायदेशापासून फुटल्या, त्यांतल्या बऱ्याच खाऊनपिऊन सुखी होत्या, आणि फुटण्याच्या वीस वर्षे आधी त्यांच्याइतके राजनिष्ठ कोणी नव्हते. त्यांना झोंबले ते दर्जा घटणे. मायदेश दूर असतो आणि आपल्याच व्यापात असतो, तोवर वसाहत आपला कारभार आपण हाकायला शिकते आणि तोच आपला हक्क समजू लागते. मग एखादे मोठे युद्ध होते, तिजोरी रिकामी होते आणि राजधानीतला एखादा कामसू मंत्री वसाहतींच्या वह्या उघडून बसतो. त्याच्या लेखी ती साधी वसुली असते. समुद्रापलीकडे तीच वसुली 'तुम्ही आमच्या बरोबरीचे कधी नव्हताच' अशी ऐकू जाते.

फ्रान्सचा पुढे अर्थमंत्री झालेला त्युर्गो याने 1750 मध्येच सांगून ठेवले होते की वसाहती फळांसारख्या असतात, पिकल्या की गळायच्याच. उपमा सुरेख आहे, पण ती राजधानीतल्या लोकांना सोयीची आहे. गळणे हा निसर्गाचा नियम ठरला की कोणाला जाब द्यावा लागत नाही.

अमेरिकेत फांदी कशी हलवली गेली ते पाहण्यासारखे आहे. सात वर्षांचे युद्ध 1763 मध्ये संपले तेव्हा फ्रेंच कॅनडातून हटले होते आणि ब्रिटनचे कर्ज 13 कोटी पौंडांच्या आसपास गेले होते. युद्धाचा फायदा वसाहतींना झाला, तेव्हा त्यांनी थोडा भार उचलावा, हे पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिलचे म्हणणे वरवर वाजवी होते. अमेरिकन माणूस इंग्लंडातल्या माणसाच्या मानाने कर भरतच नव्हता म्हटले तरी चालेल. म्हणून 1764 मध्ये साखर-काकवीवरच्या जकातीची वसुली कडक झाली आणि 1765 मध्ये स्टँपचा कायदा आला. करारनामे, परवाने, वर्तमानपत्रे, फार काय, पत्त्यांचे जोडसुद्धा मुद्रांकित कागदावर. कर लहान होता, पण तो नेमका वकील, छापखानेवाले आणि व्यापारी यांच्यावर पडला. राज्य चालवणाऱ्याने बोलक्या आणि लिहित्या वर्गाला एकाच दिवशी डिवचू नये, एवढेही ग्रेनव्हिलला सुचले नाही.

दुसरी गोष्ट फ्रेंच गेल्यामुळे घडली. पाठीशी शत्रू होता तोवर इंग्रजी फौज हवीहवीशी होती. शत्रू गेल्यावर ती कशासाठी, हा प्रश्न उभा राहिला. त्यात 1763 च्या राजाज्ञेने अॅपलेशियन डोंगरांपलीकडे वस्ती करायला मनाई केली. पश्चिमेच्या जमिनींवर डोळा ठेवून बसलेल्यांना हे युद्ध आपण कोणासाठी जिंकले तेच कळेना.

गंमत अशी की लंडनने 1766 मध्ये स्टँपचा कायदा मागे घेतला. मात्र त्याच वेळी दुसरा कायदा करून ठेवला की वसाहतींवर हवा तो कायदा लादण्याचा पार्लमेंटला पूर्ण अधिकार आहे. पैसा सोडला आणि तत्त्व धरून ठेवले. भांडण केवळ पैशाचे असते तर तिथेच मिटले असते. तीन पेन्सांचा कर पुढे राहिला तो या तत्त्वाची खूण म्हणूनच.

माणसे कशी फिरतात हे बेंजामिन फ्रँकलिनमध्ये दिसते. तो वसाहतींच्या टपाल खात्याचा राजनियुक्त अधिकारी होता. अनेक वर्षे लंडनमध्ये राहिलेला, ब्रिटिश साम्राज्याच्या भवितव्यावर मनापासून विश्वास असलेला. 29 जानेवारी 1774 रोजी त्याला प्रिव्ही कौन्सिलपुढे उभे करून सरकारी वकील वेडरबर्नने तासभर चारचौघांत सोलून काढले. भोवतालचे उमराव हसत होते. फ्रँकलिन एक शब्द बोलला नाही. लगेच टपालाची जागाही गेली. अडीच वर्षांत त्याची सही स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर होती. जॉर्ज वॉशिंग्टनचीही अशीच एक जुनी सल होती. व्हर्जिनियाच्या पलटणीत तो कर्नल होता, पण राजाची सनद असलेला साधा कॅप्टनही त्याचा हुकूम मानायला तयार नसे. तशी सनद मिळवण्यासाठी त्याने खटपट केली, ती फुकट गेली. मोठमोठ्या तत्त्वांच्या मागे अशा बारीक ठेचा असतात, आणि इतिहासकार त्यांना जितके महत्त्व देतात त्यापेक्षा मी थोडे अधिक देईन.

जानेवारी 1776 मध्ये टॉमस पेनची 'कॉमन सेन्स' ही पुस्तिका निघाली आणि 'मायदेश' या कल्पनेवरच तिने घाव घातला. पेन स्वतः जेमतेम सव्वा वर्षापूर्वी इंग्लंडहून आलेला, म्हणून त्याला भीडभाड नव्हती. हाच पेन पुढे 'राइट्स ऑफ मॅन' लिहितो, आणि 1847 मध्ये पुण्यात जोतीराव फुले ते वाचतात. पण फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती 1776 च्या वीरांना नव्हे, तर निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना. ती निवड मला फार नेमकी वाटते. तेरा वसाहतींच्या सुमारे 25 लाख लोकांत साधारण पाचवा हिस्सा गुलामांचा होता. व्हर्जिनियाचा गव्हर्नर डनमोर याने नोव्हेंबर 1775 मध्ये जाहीर केले की बंडखोरांचा जो गुलाम राजाच्या बाजूने लढेल तो मुक्त. शेकडो गुलाम मळे सोडून त्याच्याकडे पळाले. त्यांच्या दृष्टीने राजा परका नव्हता, परका होता तो मालक.

आता स्पेन. युद्ध तेच, सात वर्षांचे. 1762 मध्ये इंग्रजांनी हवाना घेतले आणि माद्रिदचे डोळे उघडले. तोवर स्पॅनिश अमेरिकेचे हाल 'आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना' असे होते. मायदेशाला पुरेसा माल पुरवता येत नव्हता आणि इतरांकडून घ्यायला बंदी होती. तरीही तीन शतके हे चालले, कारण बंदी कागदावर होती. चोरटा व्यापार चालत होता, न्यायालयांतल्या जागा विकत मिळत होत्या, स्थानिक घराणी त्या घेत होती. स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याला हा गैरकारभार वाटला, आणि तो होताही. त्याने 1765 मध्ये होसे दे गाल्व्हेझला मेक्सिकोत पाठवले, तंबाखूची मक्तेदारी बसवली, 1767 मध्ये जेझुइट पाद्र्यांना हाकलले, महसुलाला नवे अंमलदार नेमले. कारभार सुधारला. उत्पन्न वाढले. आणि क्रिओल म्हणजे तिथेच जन्मलेला गोरा स्पॅनिश माणूस दुरावला.

1751 ते 1808 या काळात अमेरिकेतल्या वरिष्ठ न्यायालयांवर 266 नेमणुका झाल्या, त्यांतल्या फक्त 62 क्रिओलांच्या वाट्याला आल्या. रंग तोच, भाषा तीच, धर्म तोच, आडनावही तेच, फक्त जन्म अटलांटिकच्या चुकीच्या बाजूला झालेला. जर्मन शास्त्रज्ञ हम्बोल्ट 1799 ते 1804 च्या प्रवासात हे टिपून गेला आहे. स्पेनहून कालपरवा आलेला फाटका माणूसही तिथल्या श्रीमंत गोऱ्याला आपल्याहून खालचा समजे.

एवढे असूनही क्रिओल चाळीस वर्षे गप्प राहिले, कारण त्यांनी 1780-81 पाहिले होते. पेरूत तुपाक अमारूच्या नेतृत्वाखाली तिथले मूळ रहिवासी उठले तेव्हा आपण मूठभर आहोत हे त्यांना कळले. मायदेशाचा राग आणि खालच्या जनतेची भीती ही दोन पारडी होती. 1808 मध्ये नेपोलियनने स्पेनच्या राजालाच कैदेत टाकले तेव्हा पारडे हलले. काडिझला जमलेल्या संसदेने अमेरिका ही साम्राज्याचा समान भाग आहे असे मान्य केले. जागा वाटताना मात्र आफ्रिकी वंशाचे लोक गणतीतून गाळले, म्हणजे अमेरिकेचे बहुमत होणार नाही. समान म्हणायचे आणि मोजताना हात आखडायचा. पुढची लढाई 9 डिसेंबर 1824 ला पेरूतल्या आयाकुचोच्या पठारावर स्पेनच्या पराभवाने संपली. मेक्सिकोची तऱ्हा उलटीच झाली. 1820 मध्ये स्पेनमध्ये उदारमतवादी सत्तेवर आले, तेव्हा चर्चचे आणि फौजेचे विशेष हक्क जातील या धास्तीने तिथल्या सनातन्यांनीच 1821 मध्ये स्वातंत्र्य घोषित केले. साखरेवर आणि गुलामांवर श्रीमंत झालेला क्यूबा 1898 पर्यंत स्पेनला चिकटून राहिला. फळ पिकले होते, पण तिथल्या गोऱ्या मळेवाल्यांना शेजारचे हैती दिसत होते.

हैती, म्हणजे तेव्हाचे सां-दोमिंग, ही फ्रान्सची सर्वांत धनवान वसाहत. तिथे सुमारे पाच लाख गुलाम. ऑगस्ट 1791 मध्ये ते उठले. इथे सहन न होणारा छळ होता, दर्जाची भाषा तिथे अपुरी पडते. पण शेवटचा धागा कधी तुटला? फ्रान्सने 1794 मध्ये गुलामगिरी रद्द केली होती आणि तूसँ लूव्हेर्त्यूर फ्रान्सचाच सेनापती म्हणून राज्य करत होता. 1802 मध्ये नेपोलियनने फौज धाडली, तूसँला फसवून पकडून नेले आणि गुलामगिरी परत येणार हे उघड झाले. दिलेले काढून घेतले जात आहे असे दिसल्यावर जे लढले त्यांनी 1 जानेवारी 1804 रोजी नवे राष्ट्र उभे केले. 1825 मध्ये फ्रान्सने मान्यता दिली ती 15 कोटी फ्रँक भरपाईच्या अटीवर. गेलेल्या मालमत्तेची भरपाई, आणि त्या मालमत्तेत माणसेही होती.

पोर्तुगालची कथा मराठी वाचकाला जवळची, कारण तिचा एक धागा मांडवीपर्यंत येतो. नेपोलियनच्या भीतीने 1807 च्या अखेरीस लिस्बनचा दरबारच जहाजांत बसून ब्राझीलला निघाला. रिओ राजधानी झाले, बंदरे जगाला खुली झाली, आणि 1815 मध्ये ब्राझीलला पोर्तुगालच्या बरोबरीचे राज्य म्हणून दर्जा मिळाला. वसाहतीतून राज्य करणारा युरोपीय राजा ही जगावेगळीच गोष्ट. 1820 मध्ये पोर्तोला क्रांती झाली. नव्या संसदेने राजाला परत बोलावले आणि ब्राझीलला पूर्वीच्या पायरीवर बसवायला सुरुवात केली. ही मंडळी घरी उदारमतवादी आणि समुद्रापलीकडे जुने सावकार होती. राजपुत्र पेद्रूलाही परत येण्याचा हुकूम गेला. 'मी राहतो' असे त्याने 9 जानेवारी 1822 ला कळवले आणि 7 सप्टेंबरला स्वातंत्र्य घोषित केले. तेरा वर्षे राजधानी म्हणून जगलेल्या शहराला पुन्हा मामलेदाराचे गाव करता येत नाही. गुलामगिरी मात्र 1888 पर्यंत तशीच चालू राहिली.

त्याच लिस्बनच्या संसदेत गोव्याला जागा मिळाल्या, आणि निवडून गेलेल्यांत बेर्नार्दु पेरीश द सिल्व्हा हे गोमंतकीय होते. गोवा ही गोऱ्यांच्या वस्तीची वसाहत नव्हे, पण दुखणे ओळखीचे होते. 1787 च्या पिंटोंच्या कटात पुढाकार होता तो वरच्या धर्मपदांवरून डावलल्या गेलेल्या गोमंतकीय पाद्र्यांचा. लिस्बनने 1834 मध्ये पेरीश द सिल्व्हांना गोव्याचा प्रमुख नेमले. ते जानेवारी 1835 मध्ये आले आणि गोऱ्या व मिश्रवंशीय लष्करी मंडळींनी त्यांना 17 दिवसांत उलथून टाकले. कागदावरची समानता पणजीच्या धक्क्यावर उतरू दिली गेली नाही. पुढे 1951 मध्ये पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने वसाहतींना 'सागरापलीकडचे प्रांत' असे नाव दिले, तेव्हा त्यावर कोण विश्वास ठेवणार होते?

इंग्रजांनी मात्र अमेरिकेपासून धडा घेतला. एक नव्हे, दोन, आणि ते एकमेकांविरुद्ध. कॅनडात 1837 मध्ये बंडे झाली तेव्हा लॉर्ड डरहॅमला पाठवले. त्याने 1839 च्या अहवालात सुचवले की अंतर्गत कारभार स्थानिक विधिमंडळाला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे द्या. 1848 पर्यंत ते अमलात आले. म्हणून कॅनडा 1867 मध्ये डोमिनियन, म्हणजे राजाच्या छत्राखाली आपला कारभार आपण पाहणारा देश, झाला, त्याने स्वतःची राज्यघटना 1982 मध्ये पूर्णपणे ताब्यात घेतली, आणि मध्ये कुठेही चहा बुडवावा लागला नाही.

दुसरा धडा आपल्याकडे आला. 1781 मध्ये यॉर्कटाउनला अमेरिकनांना शरण गेलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस पाचच वर्षांनी कलकत्त्याला गव्हर्नर-जनरल म्हणून उतरला. त्याच्या कारकिर्दीत, 1791 मध्ये, आईबापांपैकी एक हिंदी असलेल्यांना कंपनीच्या सनदी आणि लष्करी हुद्द्यांची दारे बंद झाली. वरच्या पगाराच्या जागा विलायतेहून आलेल्या गोऱ्यांसाठी राखल्या गेल्या. गोऱ्यांनी इथे जमिनी घेऊन स्थायिक व्हावे हेही कंपनीला नको होते. इथे जन्मलेला, इथे रुजलेला, राज्यात वाटा मागणारा वर्गच तयार होऊ द्यायचा नाही, अशी ती व्यवस्था होती.

वर्ग तयार झालाच, फक्त तो काळा होता आणि इंग्रजी शिकलेला होता. गोखल्यांनी 1905 मध्ये बनारसच्या काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून मागितले ते वसाहतींसारखे स्वराज्य. ही मागणी अगदी मवाळ होती. त्याच सुमारास इंग्रजांनी कालपर्यंत शत्रू असलेल्या दक्षिण आफ्रिकेतल्या बोअरांना युद्ध संपल्यावर पाच वर्षांच्या आत स्वराज्य देऊन टाकले. हिंदुस्थानसाठी मात्र भारतमंत्री मोर्लेने 1908 मध्ये सांगितले की आपल्या सुधारणा संसदीय राज्यपद्धतीकडे नेणाऱ्या नाहीत. बोअर गोरे होते, एवढाच फरक. महायुद्धात सैन्य आणि पैसा दिल्यावर 1919 मध्ये पदरात पडला तो रौलट कायदा. डोमिनियन दर्जा हे अंतिम ध्येय असल्याचे व्हाइसरॉय आयर्विनने 31 ऑक्टोबर 1929 ला जाहीर केले, आणि दोनच महिन्यांत लाहोरला काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला. गोखल्यांची मागणी पुरी झाली ती 15 ऑगस्ट 1947 ला. भारत डोमिनियन झाला आणि सहावा जॉर्ज त्याचा कायदेशीर राजा राहिला. त्या दर्जाचे तोवर कोणालाच अप्रूप उरले नव्हते, आणि अडीच वर्षांनी, 26 जानेवारी 1950 ला, तो मागे टाकण्यात आला.