पिंजरा उंच हवा की लांब?

मुलांनो, तुमच्यापैकी कुणाच्या घरी बजरीगर आहेत का? बाजारात त्यांना ‘लव्हबर्ड’ म्हणतात. पण खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, बजरीगर ऑस्ट्रेलियातले. आपला पोपट किंवा मुनिया मात्र पाळू नका; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

टीचभर पिंजऱ्यातला बजरीगर चोच आणि नखे रोवून तारांवर चढतो, उडत नाही. पक्षी पुढे झेपावतो तेव्हा पंखांवरून वाहणारी हवा त्याला उचलून धरते. सरळ वर जायला त्याला फार जोर लावावा लागतो. म्हणून अंगणातला पिंजरा लांब हवा. उंची तुम्हाला आत उभे राहण्यापुरती पुरे. लांबी मात्र निदान दहा फूट ठेवा. बसायच्या दांड्या पेरूच्या फांद्यांच्या, दोन्ही टोकांना लावा आणि मधली जागा मोकळी सोडा.

पिंजऱ्याची कोणती बाजू बंद करायची? ते गावावर अवलंबून आहे. मोसमी वारे पश्चिमेकडून येतात आणि सह्याद्री चढताना बहुतेक पाऊस तिथेच सांडतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सांगली जिल्ह्यातल्या जत-आटपाडीकडे त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. तेव्हा सातारा, वाई, पाटणकडे पश्चिम आणि नैर्ऋत्य बाजू पत्र्याने बंद करा, कारण भिजलेला पक्षी वाऱ्यात गारठतो. जतकडे खरा वैरी ऊन. पक्ष्यांना घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकत ते अंग निववतात. तिथे पिंजरा झाडाच्या पूर्वेला बांधा, म्हणजे दुपारनंतर सावली मिळेल. छपराच्या पत्र्यावर उसाचे पाचट पसरा.

जाळीची भोके अर्ध्या इंचाहून लहान असावीत आणि जाळी फूटभर जमिनीत पुरावी, नाहीतर घुशी खालून बीळ करतात. नव्या जाळीवर जस्ताचा मुलामा असतो. त्याचे सुटे कण तार कुरतडताना पक्ष्याच्या पोटात गेले, तर विषबाधा होऊन तो मरतोही. म्हणून जाळी ब्रशने व्हिनेगर लावून घासा. व्हिनेगरमधल्या आम्लात ते कण विरघळतात. मग भरपूर पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. या कामाचा कंटाळा करू नका!

दारे दोन हवीत, एकामागे एक. बाहेरचे लावून घेतल्यावरच आतले उघडायचे.