तिसऱ्या हाताचं काम

गिटार वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. डावा हात तारा दाबतो, उजवा छेडतो. तार एकदा छेडली की स्वर आपल्या मर्जीने विरत जातो. सतारीचंही तेच, सरोदचंही तेच. बासरीवाला फुंक वाढवू शकतो, व्हायोलिनवाला गजावर जोर देतो, गायकाचा तर प्रश्नच नाही. छेडून वाजवणाऱ्याच्या हाती स्वर जन्माला घालणं असतं, पोसणं नसतं. विजेवरच्या गिटारने ही उणीव पायाकडून भरून घेतली. आपल्याला त्याचं फारसं नवल वाटायला नको. संगीत नाटकाच्या रंगमंचासमोर असायची त्या पायपेटीचा भाता पायानेच हलायचा, म्हणून तर पेटीवाल्याचे दोन्ही हात सुरांवर मोकळे राहायचे.

आज गिटार शिकणारं मूल आपल्या नात्यागोत्यात कुठे ना कुठे सापडतंच. क्लास लागून दोनेक वर्षं झाली, साधी गिटार जाऊन विजेवरची आली, की एके दिवशी जेवताना विषय निघतो : ‘बाबा, मला पेडल घ्यायचंय.’ म्हणजे आणखी काही हजार रुपये! बाबांना वाटतं, ही नवी फॅशन. मुलाला वाटतं, हे आलं की आपण थेट स्टेजवर. दोघांनाही नेमकं काय विकत घ्यायचं आहे याची कल्पना नसते, आणि दुकानदार दोघांकडे बघून हसतो.

पायाने मागे-पुढे झुलवायची पेडलं मुख्यत्वे दोन. व्हॉल्यूम पेडल आवाज लहान-मोठा करतं. वॉ-वॉ पेडल आवाजाचं तोंड उघडतं आणि मिटतं. हे तोंड उघडणं शब्दशः घ्या. एक सूर धरून ‘व’पासून ‘आ’पर्यंत अगदी सावकाश जाऊन बघा. ओठ चंबूसारखे असतात तेव्हा आवाज कोंडलेला, घुमा. ओठ उघडत जातात तसा तो उजळतो. सूर मात्र तोच असतो. तोंडाच्या पोकळीचा आकार बदलला, की सुराच्या पोटातल्या कुठल्या कंपनांना उठाव मिळायचा ते बदलतं, एवढंच. वॉ-वॉ पेडल विजेच्या साहाय्याने हेच करतं. आत एक छोटं वेटोळं आणि धारित्र असतं; ते कंपनांच्या एका अरुंद पट्ट्याला उठाव देतं आणि बाकीच्यांना दाबतं. टाच खाली असताना हा पट्टा साधारण चारशे हर्ट्झच्या आसपास असतो. चवडा दाबला की तो वर सरकत दोन हजारांच्या जवळपास पोचतो. मैफलीत आपण ‘वा!’ म्हणतो, तोच उच्चार ही पेटी करते. फक्त दाद देण्याऐवजी ती स्वतःच गाते.

या पेटीचा जन्म मोठा गमतीचा आहे. ट्रम्पेटच्या तोंडाशी म्यूट धरून तळव्याने झाकत-उघडत ‘वा-वा’ काढायची लकब जॅझमध्ये १९२०च्या दशकापासूनची. (मुंबईच्या हॉटेलांतले बँड आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद ज्यांनी उभे केले, त्या चिक चॉकलेटसारख्या गोव्याच्या ट्रम्पेटवाल्यांची परंपराही याच जॅझमधून आलेली.) १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट नावाचा तरुण अभियंता एका अँप्लिफायरवर काम करत होता. त्यातलं एक महागडं स्विच काढून त्या जागी स्वस्तातली फिरकी बसवायची, एवढंच त्याचं काम. खर्च वाचवायचा! ती फिरकी फिरवताना ‘वा’ ऐकू आला. मग ते सगळं एका ऑर्गनच्या व्हॉल्यूम पेडलच्या सांगाड्यात बसवलं गेलं. म्हणजे वंशावळ पाहिली तर व्हॉल्यूम पेडल हा थोरला भाऊ. कंपनीला वाटलं, हे ट्रम्पेटसारख्या वाद्यांसाठी चालेल. म्हणून क्लाइड मॅकॉय या जुन्या ट्रम्पेटवादकाचं नाव त्याला दिलं. डेल कॅशर या गिटारवादकाने मात्र हे गिटारचंच यंत्र आहे असा आग्रह धरला, आणि तो खरा ठरला. १९६७ मध्ये एरिक क्लॅप्टनने ‘क्रीम’च्या ‘टेल्स ऑफ ब्रेव्ह युलिसिस’मध्ये ते वापरलं, १९६८ मध्ये जिमी हेन्ड्रिक्सने ‘वूडू चाइल्ड’च्या सुरुवातीला त्याच्याकडून अक्षरशः बोलून घेतलं. १९७१च्या ‘शाफ्ट’ चित्रपटाच्या संगीतात स्किप पिट्सने त्याचा ठेका केला. ‘वाका-चिका, वाका-चिका’ असा तो आवाज पुढे जगभरच्या पाठलागाच्या प्रसंगांना चिकटला. आपल्या सत्तरीतल्या मारधाडपटांनाही.

तर वॉ-वॉ घेताना पहिली गोष्ट पाहायची ती ही, की पाय किती लवचीक आहे. यंत्राचा नव्हे, मुलाचा. पाय तालावर चालत नसेल तर हे पेडल नुसतं कण्हतं. दुकानात ते टाचेपासून चवड्यापर्यंत अगदी सावकाश दाबून ऐकावं. काहींचा बदल सबंध प्रवासात सारखा पसरलेला असतो. काहींचा मधल्या बोटभर अंतरात उरकतो. पहिला प्रकार संथ गाण्यांना बरा, दुसरा ठेक्याला. टोकाला आवाज कानात टोचतो का, हेही पाहावं. जुन्या पद्धतीच्या पेडलात चवड्याखाली खटका असतो. जोर देऊन तो ‘टक्’ झाला की पेडल चालू. अनवाणी वाजवणाऱ्या मुलांना हा खटका जड जातो, हे विक्रेते सांगत नाहीत. पाय ठेवला की चालू आणि उचलला की बंद, अशीही पेडलं मिळतात. काहींत आत घासणाऱ्या फिरकीऐवजी प्रकाशाचा झोत आणि प्रकाश ओळखणारा घटक असतो, म्हणून त्यांत झिजून खरखर होण्याची भीती नाही. फिरकी असलेलं जुनं पेडल स्वस्तात मिळत असेल तर झुलवताना खरखर येते का ते ऐकून मगच पैसे काढा. अर्थात फिरकी बदलता येते, आणि ते काम फार खर्चाचं नाही. आणखी एक. पेडल बंद असतानाचा गिटारचा आवाज आणि वायर थेट अँप्लिफायरला लावल्यावरचा आवाज, दोन्ही पाठोपाठ ऐका. काही जुन्या रचना बंद असतानाही आवाजाची धार खातात.

व्हॉल्यूम पेडल दिसायला गरीब बिचारं. त्यात ‘वा’ नाही, चमत्कार नाही. पण माझं मत विचाराल तर पहिलं पेडल हेच घ्यावं. वॉ-वॉ सहा महिन्यांत पलंगाखाली जाऊ शकतं, हे जात नाही. तार छेडतानाचा ‘टण्’ पेडल बंद ठेवून गिळून टाकायचा आणि मग चवडा हळूहळू दाबायचा. स्वर कुठून सुरू झाला कळतच नाही, व्हायोलिनसारखा उमलतो. स्वर विरू लागला की पाय आणखी खाली, म्हणजे तो लांबल्यासारखा वाटतो. पेडल स्टील गिटार वाजवणारे तर पाय त्यावरून उचलतच नाहीत. शिवाय दुसरं कुणी गात असताना मागे सरायचं आणि आपली पाळी आली की पुढे यायचं, ही समज याच पेडलवर येते. कॉलेजच्या वाद्यवृंदात सगळ्यांत मोठ्याने वाजवणारा गिटारवाला तुम्ही पाहिलाच असेल.

मात्र इथे एक आकडा विचारल्याशिवाय पेडल घेऊ नये. साध्या, बॅटरी नसलेल्या गिटारची वायर थेट पेडलमध्ये जाणार असेल तर २५० किलोओहमचं घ्यावं. गिटारमध्येच बॅटरीवर चालणारे पिकअप असतील, किंवा पेडल इतर चालू पेडलांच्या पुढे बसणार असेल, तर २५ किलोओहमचं. उलट केलं तर काही जळत नाही. पण साध्या गिटारला २५चं पेडल लावलं की आवाज गोधडी पांघरल्यासारखा होतो. मग मुलगा गिटार बदलायचा हट्ट धरतो, अन् दोष असतो या एका आकड्याचा.

रांगेत ते कुठे ठेवायचं तेही महत्त्वाचं. आवाज फाडणाऱ्या डिस्टॉर्शन पेडलच्या आधी ठेवलं तर पाय उचलताच आवाज स्वच्छ होत जातो. नंतर ठेवलं तर फाटकेपणा तसाच राहून फक्त लहान होतो. प्रतिध्वनी देणाऱ्या पेडलच्या आधी ठेवलं तर पाय उचलल्यावरही प्रतिध्वनी घुमत राहतात, नंतर ठेवलं तर तेही कापले जातात. वॉ-वॉ बहुतेक जण डिस्टॉर्शनच्या आधी ठेवतात. कुणाचं ऐकण्यापेक्षा दोन्हीकडे लावून पाहावं, वायर बदलायला मिनिट लागतं.

दोन्ही कामं एकाच सांगाड्यात करणारी पेडलंही मिळतात. आईबाबांना ती फार आवडतात. एका पैशात दोन! जागा आणि पैसा दोन्ही कमी असेल तर जरूर घ्या. पण एका वेळी एकच काम होणार, आणि रांगेतली दोघांची जागाही एकच राहणार.

खरेदीला जाताना मुलाने स्वतःची गिटार आणि वायर बरोबर न्यावी. दुकानातल्या भारी गिटारवर कुठलंही पेडल गोड वाजतं. खुर्चीवर बसून वाजवायची सवय असेल तर बसूनच तपासावं, कारण बसल्यावर घोट्याचा कोन बदलतो. व्हॉल्यूम पेडलांपैकी काहींत आतली फिरकी दोरीने फिरते. ही दोरी कधीतरी तुटतेच, तेव्हा सुटी मिळते का ते तिथेच विचारून ठेवावं. साध्या व्हॉल्यूम पेडलला वीज लागत नाही. वॉ-वॉला नऊ व्होल्टची बॅटरी किंवा अडॅप्टर लागतो. अडॅप्टरची धन-ऋण टोकं पेडलवर छापलेल्या खुणेशी जुळवून घ्यावीत, घरातला कुठलाही उचलून लावू नये. आणि रात्री वाजवून झालं की गिटारकडून पेडलमध्ये येणारी वायर काढून ठेवायला मुलाला सांगा. ती आत असेपर्यंत पेडल बंद असलं तरी बॅटरी संपत राहते, आणि सकाळी क्लासला निघताना घरभर बॅटरी शोधत फिरावं लागतं.