सूट मागायची कुणी? नॉर्वेतल्या एका तासाची गोष्ट

शाळेत धर्म शिकवला की मानवी हक्कांचा भंग होतो का? सरळ उत्तर 'नाही' असं आहे. धर्मांबद्दल माहिती देणं वेगळं, धर्माचे संस्कार करणं वेगळं. पण वर्गात ही रेघ कुठे आखायची? त्यासाठी आज आपण नॉर्वेतला एक खटला पाहू.

तिथे २०१२ पर्यंत राज्याचा अधिकृत धर्म ल्युथरन ख्रिस्ती होता. तरी त्या चर्चचे सभासद नसलेल्या पालकांनी मागितली, तर मुलाला धर्माच्या तासातून पूर्ण सूट मिळायची. १९९७ साली सरकारने सगळ्यांसाठी एकच विषय आणला: ख्रिस्ती धर्म, इतर धर्म आणि तत्त्वज्ञान. हेतू वाईट नव्हता. वेगवेगळ्या घरांतली मुलं एकत्र बसून एकमेकांना समजून घेतील, असा विचार होता. पूर्ण सूट मात्र गेली. उरली अर्धवट.

ही अर्धवट सूट कशी चालायची ते नीट बघा, कारण सगळं इथेच अडकलंय. पालकांनी पुढे काय शिकवणार ते आधी शोधायचं, त्यातलं काय खटकतं ते ठरवायचं, लेखी चिठ्ठी द्यायची. उघड धार्मिक कृती सोडून इतर कशाला हरकत असेल, तर कारणही सांगायचं. म्हणजे आपण काय मानतो, काय मानत नाही, हे शाळेपुढे उघड करणं आलंच. एवढं करून मूल वर्गाबाहेर जाईल असंही नाही. प्रार्थना चालू असताना त्याने बसून नुसतं बघायचं! हा सहभाग नाही, असं सरकारचं म्हणणं. सात वर्षांच्या पोराला हा फरक कळेल, असं आपल्याला तरी वाटत नाही.

मानवतावादी पालक कोर्टात गेले आणि २००१ मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयात हरले. २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने, आणि २९ जून २००७ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने, हक्कभंग झाल्याचं मान्य केलं. युरोपीय निकाल नऊ विरुद्ध आठ, म्हणजे अगदी काठावरचा. ख्रिस्ती धर्माला जास्त जागा दिली यात बहुमताला वावगं दिसलं नाही. देशाचा इतिहासच तसा. पण शिक्षण कायद्याच्या उद्देशातच 'ख्रिस्ती आणि नैतिक संस्कार' होते, आणि अर्धवट सुटीने ती उणीव भरत नव्हती. 'खासगी शाळेत घाला' हे उत्तरही चाललं नाही. उरलेल्या आठ न्यायाधीशांना मात्र पालकांवरचा बोजा फार मोठा वाटला नाही.

आता आपलं अनुच्छेद २८ घ्या. पूर्णपणे सरकारी पैशावरच्या शाळेत धार्मिक शिक्षण नाहीच. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत मुलाच्या पालकाची संमती लागते. नॉर्वेत पालकाने 'नको' म्हणायचं होतं. इथे शाळेने आधी 'हो' मिळवायचं. तत्त्व म्हणून आपलं कलम जास्त भक्कम. पण हे 'हो' कसं घ्यायचं ते कलमात लिहिलेलं नाही. मग प्रवेश-अर्जावरची सही पुरते का? अनुदानित शाळांचा विषय पुढच्या व्याख्यानात घेऊ, तेव्हा इथूनच सुरुवात करू.