लाइट आली, पण वायफाय सुरूच होईना? आधी अडॅप्टर बघा
लाइटची ये-जा झाली की घरातला वायफाय राउटर बंद पडतो अन् पीक विम्याचा फॉर्म नेमका शेवटच्या दिवशी अडकतो. पुष्कळदा राउटर शाबूत असतो, गेलेला असतो अडॅप्टर. दिवा मिणमिणतो, पण राउटर चालू होत नाही. मीटरवर १२ व्होल्ट दिसले तरी लोड पडताच व्होल्टेज उतरतं. तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्या किंवा जास्त अँपिअरचा, तशाच पिनचा दुसरा अडॅप्टर लावून बघा. अधिक-उणेची खूणही जुळवा.

राउटर चालू होऊन एलओएसचा लाल दिवा लागला, तर दोष बहुधा फायबर लाइनचा, कंपनीला कळवा. टाचणीने रिसेट दाबायची घाई नकोच. कनेक्शनचं युजरनेम-पासवर्ड पुसलं जाऊ शकतं, फायरवॉलची बदललेली सेटिंगही जाते. लाइट गेली की प्लग काढावा, आल्यावर पाच मिनिटांनी लावावा.